मेंदूच्या चित्रात ग्रहण नसते

डॉ. वृंदाबाईंची आणि माझी पहिली भेट इस्पितळाच्या व्हरांड्यात झाली. मी, शाळेतला गुरुजी, तेव्हा भांडत होतो.

माझी मुलगी सुगंधा गोव्यातच, पेडण्याजवळच्या चोपड्याला दिलेली. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, आमच्याकडे मयेत. मुलगी झाली, पण रडली नाही. श्वास यायला वेळ लागला, मग झटके आले. तिला मोठ्या इस्पितळात हलवले. जिथे ती जन्मली तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला दोनच शब्द दिले : "होतं कधीकधी."

माहेरी जे बिघडते त्याचा जाब माहेराने द्यायचा, हीही रीतच. विहीणबाई आल्या त्या बाळाकडे न बघता माझ्याकडे वळल्या. "आमी सून बरी धाडलंव. तुमी तिका गिराणात भायर सोडलास, पपई खावक घातलास. आता दोगांकय तुमच्याकडेच ठेवा." गिराण म्हणजे ग्रहण. जावई खाली बघत होता. ओली बाळंतीण सुगंधा बाकावर बसून सगळे ऐकत होती.

नवजात बाळांच्या मेंदूची चित्रे काढणे आणि वाचणे हे डॉ. वृंदाबाईंचे काम. यंत्रात बाळाला स्थिर पडून राहावे लागते. त्यासाठी त्या शक्यतो गुंगीचे औषध देत नाहीत. बाळाला पाजतात, घट्ट गुंडाळतात, झोपू देतात. त्या दिवशी त्या बाहेर आल्या, आमचे भांडण त्यांनी ऐकले आणि विचारले, "पोराक गुंडाळूक कोणाक येता?"

"माका येता," विहीणबाई म्हणाल्या. "पाच जणींची बाळंतपणां काढलंय मी."

"मगे बोलतास कित्याक? गुंडाळा."

विहीणबाईंनी नातीला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा.

चित्रे आल्यावर वृंदाबाईंनी आम्हा सगळ्यांना आत बोलावले. पुरुषांना बाजूला घेऊन सांगण्याची पद्धत त्यांना मान्य नाही. खुर्ची एकच होती, तीवर त्यांनी सुगंधाला बसवले. "मेंदूच्या ह्या मधल्या भागातून हातपाय हलवायचं काम चालतं. इथे हा पांढरेपणा नको होता. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला की असं दिसतं. पपईनं नाही, गिराणानं नाही. ह्यात सासर दिसत नाही, माहेर दिसत नाही."

"म्हणजे त्या इस्पितळाची चूक?" मी विचारले.

"चित्र वेळ सांगतं, गुरुजी. चूक कुणाची ते सांगत नाही. ते तुम्ही जाऊन विचारा. आता व्यायाम कुणाला शिकवू? बाळ कुणाकडे राहणार?"

विहीणबाई फणकारल्या, "आमच्या चेडवाक, आमच्या नातीक, गुरुजी कित्याक वाढयतले?"

सुगंधा म्हणाली, "येतंय मी. पण परत गिराणाचां नाव काढलात, तर मयेक गेलंय म्हणून समजा."

पुढे त्या पहिल्या इस्पितळातून वृंदाबाईंना फोन आला. दोष गर्भातलाच असावा असे अहवालात लिहावे, अशी विनंती होती. "आधी बाळ बघायला या, मग बोलू," त्या म्हणाल्या. कुणी आले नाही. अहवाल बदलला नाही. आम्ही विचारायला गेलो, तेव्हा पुन्हा तेच दोन शब्द मिळाले.

नात आता चोपड्यात भिंत धरून चालते. बोलते कमी. आजी तिचे पाय रोज चोळते, आणि शेजारीण ग्रहणाचे बोलली की म्हणते, "माका दोतोरान चित्र दाखयलां. तुझ्या तोंडाक लागलां तां गिराण."

डॉ. वृंदाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या सचोटीची स्तुती होईल. ती योग्यच आहे, आणि मला तिचा संताप येतो. एका डॉक्टरांनी दिसले ते आईला सांगितले, एवढ्याचा आपल्याला ग्रंथ काढावा लागतो. ज्यांना दिसले आणि जे गप्प राहिले, त्यांच्या खांद्यांवरही आपण शाली घातल्या आहेत.

निवृत्तीनंतर मी शुक्रवारी वृंदाबाईंकडे, बाळांच्या घरच्यांशी बोलायला बसतो. गेल्या शुक्रवारी पेडण्याचा एक तरुण बायकोला सगळ्यांदेखत विचारत होता, "खरां सांग, काय खाल्लंस?" ती रडत आठवत होती. खरोखरच आठवत होती.

म्हणून वृंदाबाईंना विश्रांती लाभो असे मला म्हणवत नाही. त्यांचे डोळे धड राहोत, गुडघे धड राहोत, त्या खूप जगोत. आणि त्यांच्या हयातीतच दिसले ते सांगण्याचे हे काम इतके साधे होवो, की त्यासाठी कुणाचाही गौरव करावा असे कुणाच्या मनातही येऊ नये.