अजून वाजतेय

माझं झेरॉक्सचं दुकान, आणि पातळ भिंतीपलीकडे पंखेवाल्या भाऊंचं. माणूस कामाला पक्का, पण हेकट. दुरुस्त केलेली मोटर पाती न लावता टेबलावर सुरू करायची, डोळे मिटून कान जवळ न्यायचा आणि बारीकसा जरी आवाज आला तरी पंखा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यावरच दुकानाचं नाव होतं.

गेल्या वर्षी एकही पंखा त्यांच्या कानाला पटेना. चांगली बेअरिंग काढून नवी बसवली, तरी शिट्टी येतेच म्हणायचे. पंखे साठले, गिऱ्हाइकं तोंडावर बोलू लागली. हल्ली कारखानेच भंगार माल काढतात, असं भाऊ मला ऐकवायचे. मीही मान डोलवायचो. वाद कोण घालणार?

घरी तर कहरच. फ्रिज बंद कर, नळ घट्ट कर, हळू बोल. शेवटी वहिनींनी बोलणंच सोडलं, तर भाऊ आणखी भडकले. घर शांत झालं की शिट्टी वाढायची, हे आम्हाला नंतर कळलं. भाऊंनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी मी पकड मागायला गेलो, तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. भाऊ डोळे मिटून मोटरीवर वाकले होते. हाक मारायची वहिनींना भीती वाटली असावी. त्यांनी भिंतीवरचं बटण हळूच बंद केलं. मोटर थांबली.

"अजून वाजतेय," भाऊ म्हणाले.

"बंद आहे."

भाऊंनी डोळे उघडले, बटणाकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले. "मग मला वेड लागलंय."

वहिनींना रडूच फुटलं. नवऱ्याला आपला आवाज नकोसा झालाय, असं त्या इतके दिवस धरून बसल्या होत्या.

कानाच्या डॉक्टरांनी वेडबिड काही नाही म्हणून सांगितलं. कानातली शिट्टी बहुधा राहील. तिच्यावर पाळत ठेवू नका, अगदी शांततेत बसू नका. सांगणं सोपं आहे, असं भाऊ म्हणाले, आणि ते खरंच होतं.

आता वहिनी दुपारी दुकानात बसतात, भरपूर बोलतात आणि तयार मोटर त्याच ऐकतात. काल भाऊंनी विचारलं, "गेला का आवाज?"

"पंख्याचा गेला."

भाऊंनी स्वतः मोटरीला कान लावून पाहिला. त्यांना तो अजून ऐकू येत होता. तरी त्यांनी पाती लावायला घेतली.