सुमनताईच्या हृदयाचे ठोके

कोल्हापूरहून निघालेली गाडी नागपूरला पोचली तेव्हा हिवाळ्याचं कोवळं ऊन फलाटावर उतरलं होतं. माझी मावसबहीण सुमनताई उमरेडहून पहिल्या बसने येऊन थांबली होती. हातांत लोकरी मोजे, अंगावर दोन शाली. तिला स्क्लेरोडर्मा आहे. या आजारात कातडी घट्ट होत जाते आणि पुढे आतल्या अवयवांनाही त्याची झळ लागू शकते. पूर्वी ती हातमागावर लुगडी विणायची. आता तिची मूठ मिटत नाही. अलीकडे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी हृदय तपासायला सांगितलं. ती टाळत राहिली. शेवटी, तू सोबत येशील तर जाईन, असं फोनवर म्हणाली.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे (हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्याचे पोहे) खाल्ले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईचं तोंड आता पुरतं उघडत नाही. लहान चमच्याने कोरडे पोहे खात ती मला हसत होती.

रिक्षावाल्याने प्रताप नगरात भलत्याच दवाखान्यापुढे उतरवलं. उरलेलं अंतर पायी गेलो. ताई दर वळणावर थांबायची, मग मीही थांबायचो.

दवाखान्यात ऑक्सिजन मोजणारा चिमटा तिच्या गार बोटावर आकडाच दाखवेना. तपासणाऱ्या बाई कळमेश्वरच्या. या आजारात असं होतं म्हणाल्या आणि कानाच्या पाळीला लावायचा चिमटा घेऊन आल्या. मग ईसीजी काढला, आणि शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

अंधाऱ्या खोलीत ताई डाव्या कुशीवर झाली. पडद्यावर करडं धुकं हललं आणि त्यातून हृदय दिसू लागलं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. बाईंनी बटण दाबलं, तर वाहत्या रक्ताचा आवाज खोलीभर भरला. मी खुर्चीवरून कधी उठलो ते कळलं नाही.

"हे माह्याच आत चालून राहिलं का वं?" ताईने विचारलं.

"हो ना. तुम्ही झोपता तवाही."

ताईने मान उंचावून पडद्याकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अन् मी त्याले कधी इचारलंबी नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात हृदयाच्या उजव्या बाजूवर येऊ शकतो तो ताण इकोमध्ये तरी दिसत नाही; धाप बहुधा रक्त कमी असल्याने लागते, त्यावर औषध आहे. ठोके मधूनच चुकत होते, म्हणून दिवसभर छातीला लावायचं यंत्र दिलं. आणि त्रास नसला तरी दरवर्षी यायचंच, असं बजावलं.

यंत्र लावूनच ताईने उमरेडला मला सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) खाऊ घातली. यंत्राचा अहवालही काळजीचा निघाला नाही. पुढच्या वर्षीची तपासणी तिने आपणहून ठरवली आहे.

परत आल्यावर शेजारी विचारतात, नागपुरात काय पाहिलं? मी सांगतो, माझ्या बहिणीचं हृदय पाहिलं, चालू असलेलं.