सर्व्हरची तब्येत विचारणाऱ्या अनुसयामावशी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी आजवर असंख्य लोकांना ऐकवलं आहे. डोणगावच्या बाजाररस्त्यावर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, प्रवेशाचे अर्ज अशी कामं तिथं होतात. बहुतेक वेळा मी खरं बोललो. एकदा खोटं बोललो, आणि नेमकं अनुसयामावशींशी.

मावशी भाजी पिकवायच्या आणि स्वतःच विकायच्या. बाजार उठला की रिकामी टोपली माझ्या दारात उपडी ठेवून आत यायच्या. ‘जय भीम, भाऊ’ म्हणायच्या आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारायच्या, “आज तब्येत कशी हाय त्याची?”

सर्व्हर चालू असला तर म्हणायच्या, “झोप झाली वाटते याची.” बंद असला तर इतर लोक मला शिव्या घालायचे, मावशी मात्र स्टुलावर टेकायच्या. “थकला असन बिचारा. साऱ्या दुनियेचं काम करून राह्यला. माणूसबी टेकतेच ना घटकाभर.”

एकदा रांगेतला एक पोरगा म्हणाला, “मावशी, त्याले एक जुडी मेथी पाठवा. ताकद येईन.”

“पाठवली असती बे,” मावशी म्हणाल्या. “तू पत्ता सांग.”

सगळे हसले. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. खरं तर मलाही नव्हता. माझ्या लेखी सर्व्हर म्हणजे पडद्यावर गोल फिरणारी खूण, एवढंच.

त्यांची धाकटी मुलगी सुजाता बारावी झाली, तेव्हाची गोष्ट. तिला इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला जायचं होतं. मावशी तिची कागदपत्रं पिशवीत घालून आल्या, तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं. मेहकरला मेव्हण्याचा साखरपुडा होता. बायको-मुलं गाडीत बसली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“भाऊ, आज आखरी तारीख हाय म्हणते पोरगी.”

सगळी कागदपत्रं स्कॅन करायची म्हणजे बराच वेळ गेला असता. मुदत नेहमी वाढते, याही वेळी वाढेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. म्हणालो, “मावशी, सर्व्हर डाऊन आहे. सगळ्या राज्यातच बंद आहे.”

‘मला वेळ नाही’ म्हणालो असतो, तर त्या चार दुकानं सोडून दुसऱ्या केंद्रात गेल्या असत्या. पण राज्यातच बंद म्हटल्यावर कुठं जाणार? “राहू दे मग,” असं म्हणून त्यांनी टोपली उचलली.

मुदत वाढली नाही. सुजाताचं वर्ष गेलं. त्या वर्षी ती आईबरोबर वांगी तोडताना, बाजारात दुकानाचं पाल टाकताना दिसायची. मी दिसलो की हसायची. मावशी येतच राहिल्या, तब्येत विचारतच राहिल्या. गावात कुणी मला नावं ठेवली तर माझीच बाजू घ्यायच्या, “भाऊचा काय दोष? सर्व्हरच पडला होता त्या दिवशी.” मी मान खाली घालून टाइप करत राहायचो.

पुढच्या वर्षी सुजाताला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला. तो अर्ज मी पहिल्याच दिवशी भरला. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. डिप्लोमा झाला आणि तिला नवी मुंबईत नोकरी लागली, एका डेटा सेंटरमध्ये. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तिथलं काम दाखवायचा दिवस होता, तेव्हा मावशी जाऊन आल्या. परतल्यावर थेट केंद्रात आल्या. टोपलीसुद्धा नव्हती.

“भाऊ, पत्ता सापडला त्याचा! काचातून पाह्यला. मोठी इमारत, आत थंडीगार. फडताळावर फडताळं, अन् साऱ्याले बारके बारके दिवे. लोकायचे पैसे, दवाखान्याचे कागद, असं साऱ्यायचं तिथं राह्यते म्हणे. लाइन गेली तं बॅटऱ्या, मग जनरेटर. एक बिघडला तं दुसरा तयार. अन् साऱ्याची नक्कल दुसऱ्या गावाले ठेवेल हाय. रातंदिवस माणसं पाहारा देतात. आपली सुजाता त्याच कामावर हाय.”

मग आवाज खाली आला. “म्या तिले पुसलं, एवढं सारं असून आपल्या वेळेले काऊन पडला असन? तं म्हणते, माय, कोणाच्या तरी हातून काही राहून गेलं असन. कोण्या पोरीचं वरीस जाऊ नये म्हणून मी रातपाळीत डोळ्याले डोळा लागू देत नाही.”

मला पळवाट होती. सर्व्हर खरोखरही पडतात. कुणी विचारलंही नसतं. पण ती पोरगी माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून इतक्या निष्ठेनं काम करत होती, आणि मी तिच्या आईसमोर गप्प बसलो होतो.

“मावशी, त्या दिवशी तो पडला नव्हता,” मी म्हणालो. “मले साखरपुड्याले जायचं होतं.”

त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. “अन् मी साऱ्या गावात त्याचं नाव बदनाम केलं,” त्या म्हणाल्या. माझे हात जोडलेलेच होते. त्यांनी ते खाली केले. “मले काऊन हात जोडतं? वरीस पोरीचं गेलं. तिले सांग.”

आता मावशी सुजाताकडेच राहतात. दारात टोपली नसते, पण केंद्र उघडताना ओठांवर त्यांचाच प्रश्न येतो. सर्व्हर खरंच बंद असला, तर मी पडदा लोकांकडे वळवून दाखवतो.

मी खरं सांगितलं त्या दिवशी मात्र मावशींनी तिथल्या तिथं सुजाताला व्हिडिओ कॉल लावला. आता तरी नेटवर्क जावं, असं मला मनापासून वाटलं. गेलं नाही. सुजाता कॅन्टीनमध्ये बसली होती, गळ्यात ओळखपत्र होतं, चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. “काय काका, तब्येत कशी हाय सर्व्हरची?” तिनं हसत विचारलं.

“चांगली हाय, पोरी. त्या दिवशीबी चांगलीच होती. कोणाच्या हातून काही राह्यलं नव्हतं. मीच खोटं बोललो. तुझं वरीस माझ्यापायी गेलं. मले माफ कर.”