आधी जाऊन आलेला माणूस

उरणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आणि सुजितचं टूरचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे त्याचं गिऱ्हाईक काय बोलतं ते मला न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येतं. खरं सांगायचं तर न ऐकायचं असं मी कधी म्हटलेलं नाही.

सुजित अष्टविनायकाच्या बस काढतो. माणूस तसा फार हुशार नाही, बोलण्यातही बेताचाच, पण त्याची एक गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. जिथं स्वतः गेला नाही तिथं तो लोकांना नेत नाही. नवीन ठिकाण घ्यायचं झालं तर आधी एसटीने एकटा जाऊन येणार. कुठल्या धर्मशाळेचा संडास धड आहे, कुठल्या घाटात म्हाताऱ्यांना उलट्या होतात, कुठल्या देवळाबाहेर चपला जागेवर राहतात, सगळं डोळ्यांनी बघून येणार. “मी जाऊन आलोय,” एवढं तो म्हणाला की लोक पुढचं काही विचारत नसत. दुकानात पंखा धड नव्हता, पण या शब्दावर दुकान चालत होतं.

जासईकडचे चांगदेव घरत हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. घरचं मिठागर बंदराच्या जमिनीत गेलं तेव्हापासून त्यांचा ट्रेलरचा धंदा. पूर्वी स्वतः चालवायचे. पळस्प्याजवळ गाडी उलटली आणि उजव्या मांडीत लोखंडी रॉड बसवावा लागला. तेव्हापासून मुलगा प्रणय धंदा बघतो आणि चांगदेव दरवर्षी घरादाराला घेऊन सुजितच्या बसने देवाला जातात.

दिवाळीनंतर एका दुपारी ते सुजितकडे आले. बरोबर सून रुचिका. या फेब्रुवारीत सगळ्या घराने स्वित्झर्लंडला जायचं, बर्फाच्या डोंगरावर राहायचं आणि स्कीइंग करायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रणयच्या ओळखीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं कुटुंब तिथं जाऊन आलं होतं आणि त्यांचे व्हिडिओ बघून बघून हिची झोप उडाली होती. मुंबईची कंपनी तिने नक्कीही केली होती. पण सासरे अडून बसले, सुजितला विचारल्याशिवाय नाही.

“काका, राग मानू नका,” रुचिका म्हणाली, “पण तुमचं अष्टविनायकच असतं ना? हे जरा वेगळं आहे.” आणि ती हसली. वाईट मनाने नाही, आपण लहान मुलाला समजावताना हसतो तसं.

हसली नसती तर सुजित सरळ म्हणाला असता की हे आपलं काम नाही. मी पैजेवर सांगतो.

“युरोपही करतो की आपण,” तो म्हणाला.

“तू सोता गेलतास?” चांगदेवांनी विचारलं.

“म्हणजे काय, दादा. मी जाऊन आलोय.” आणि त्याने भिंतीवरचा फोटो दाखवला. बर्फात उभा सुजित, अंगात जाड जाकीट, कानाला टोपी. तो फोटो मीच मोठा करून दिला होता. मुंबईच्या एका मॉलमध्ये खोट्या बर्फाची खोली आहे, तिथं तो बायकोपोरींना घेऊन गेला होता. जाकीट भाड्याचं. मी भिंतीपलीकडे मुकाट्याने लॅमिनेशन करत बसलो. शेजाऱ्याचं बिंग आपण कशाला फोडायचं, असं वाटलं.

“या पायाचं काय? पडलो तर?”

“पडलं तरी लागत नाही, दादा. भुसभुशीत असतो बर्फ. मीही पडलो ना पहिल्या दिवशी. उठलो, कपडे झटकले, झालं.”

इतकं सांगायची काही गरज होती का? पण थाप एकदा सुरू झाली की माणूस तिला दागिने घालत बसतो.

पुढचं सगळं झपाट्याने होत गेलं. कागदपत्रांचं काम सुजितने वाशीच्या एका एजंटाकडे सोपवलं. हॉटेल रुचिकाने स्वतःच शोधलं. चांगदेव मात्र रोज दुकानात येऊन बसायला लागले. त्यांना आता हौस चढली होती. तिथं चहा मिळतो का, पायात बूट कसले, काठ्या किती लांब. सुजित मोबाइलवर वाचून ठेवायचा आणि आठवल्यासारखं करून सांगायचा. ते गेले की शटर अर्धं ओढून बसायचा. मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडे बघायचाही नाही. एकदा मी म्हटलं, “अरे, सांगून टाक.” तो म्हणाला, “काय सांगू? माझ्याकडे या शब्दाशिवाय दुसरं आहे काय?”

मग एक दिवस चांगदेवांनी सहज सांगितलं, “डॉक्टर न्हाय बोलतंय. बोलतंय, परत मोडला तर जुळायचा न्हाय. पन डॉक्टर कवा गेलाय बर्फात? तू गेलास.”

सुजित घाईघाईने चहा सांगायला बाहेर पडला.

व्हिसाच्या फोटोंसाठी त्यांनी मला घरी बोलावलं होतं, तेव्हा सुजितही होता. फोटो झाले. चहा व्हायचा होता. चांगदेवांनी माडीवरची गादी अंगणात आणून टाकायला सांगितली.

“सुजित, उभं राहायचं तिथले मास्तर शिकवतीलच,” ते म्हणाले. “पडायचं कसं तेवढं तू दाखव. तुना सोता पडून बघितलाय.”

नातवंडं ओट्यावर येऊन बसली. रुचिकाने मोबाइल काढला. सुजितने माझ्याकडे बघितलं आणि मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत राहिलो. मग तो गादीपाशी गेला, गुडघे वाकवले आणि एका कुशीवर पडला. पोरं खिदळली. तोही हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

“बस, एवढंच?” म्हणत चांगदेव उठले. लेंगा गुडघ्याच्या वर घेतला. मांडीवरून उतरलेली जुनी शिवण मी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी काठी बाजूला टाकली आणि सुजितने वाकवले होते तसेच गुडघे वाकवायला लागले. डावा वाकला. उजवा थरथरला. तोंडावर पोरासारखा आनंद होता, आणि तोल गादीकडे नाही, फरशीकडे जात होता.

सुजितने झेप घेऊन त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं.

“नको, दादा. मी गेलोच नाही कधी.”

“कुठं?”

“तिथं. कुठंच. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. तो फोटो मॉलमधला आहे.” आणि तो तसाच त्यांना धरून रडायला लागला, दोन पोरींचा बाप, भर अंगणात.

रुचिकाने मोबाइल खाली केला. तिलाही कुठे बघावं ते कळेना. चांगदेवांनी त्याचे हात हळूच सोडवले, काठी मागितली आणि ओट्यावर जाऊन बसले. शिवी दिली असती तर सुजित सुटला असता. ते एवढंच म्हणाले, “चाय घे.” त्याने तो घेतला, उभ्याउभ्याच, आणि कप विहिरीवर नेऊन स्वतः विसळून ठेवला.

प्रणय, रुचिका आणि मुलं मुंबईच्या कंपनीतून जाऊन आली. चांगदेव घरीच राहिले. बाजारात ही गोष्ट कोणालाच कळली नाही, म्हणजे त्या घरातून एक शब्द बाहेर गेला नाही. मला वाटलं, ते आता दुसऱ्याची बस धरतील. पण एप्रिलच्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारख्या सुजितकडेच जागा घेतल्या. सुजितने मला बोलावून सांगितलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

निघायच्या दिवशी पहाटे मी बसचा फोटो काढायला गेलो. चांगदेव पुढच्या बाकावर पाय लांब करून बसले होते. सुजित दारात उभा राहून माणसं मोजत होता. पहिला मुक्काम पालीला, या वेळी एका नव्या भक्तनिवासात. तो बघायला सुजित मागच्याच आठवड्यात एसटीने जाऊन आला होता.

मागून वेणूबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, “अरे, तिथं गरम पानी हाय का? माझे सांधे धरतान.”

सुजितने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण चांगदेव आधी बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं. म्हातारीची काळजी मिटावी एवढंच.

“हाय, आजी, हाय. परवाच आमच्या प्रणयला पाठवून बघून घेतलाय मी.”

“मंग बरं,” वेणूबाई म्हणाली आणि शाल गुंडाळून निवांत टेकली.

“गरम पाणी आहे, आजी,” सुजित दारातून म्हणाला, “मी स्वतः…” पण तिने डोळे मिटले होते.