कोपराखाली चार बोटं

वावटळ म्हणावी तर ती धुरळा उडवते, दोरीवरचे कपडे उडवते, फार तर एखादा पत्रा. ही घरं घेऊन गेली. तीन मिनिटांत गावाच्या एका अंगाची चाळीस घरं उघडी पडली आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या रांगेत एक काचसुद्धा तडकली नाही. त्या रांगेत शिंप्याचं दुकान होतं. शिंपी दुकानात होता, म्हणून वाचला. बायको घरी होती.

हे मला गावच्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी परगावची गवंडीण. बाप गवंडी, पाठीला भाऊ नाही, म्हणून थापी माझ्या हातात आली. शाळेला सुट्टी होती. तिच्या वर्गांत आम्ही तीसेक स्वयंसेवक पथारी टाकून झोपायचो आणि दिवसभर घरं उभी करायचो. शाळा उघडली की आमचा मुक्काम हलणार होता, तोवर होतील तेवढी घरं आमची. कुणाचं घर कधी, ती यादी हेडमास्तरांनी पाचवीच्या वर्गातल्या फळ्यावर लिहिली होती. शिंप्याचं नाव त्यात सहावं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कामावर हजर झाला. साठीचा उंच माणूस, मशीनवर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. गळ्यात टेप, शर्टाच्या खिशात चपटा खडू, काखेत एक जाडजूड लाकडी पाट.

"विटा उचलवत नाहीत मला," तो म्हणाला. "पण माप घेता येतं."

मनात म्हटलं, आधीच उल्हास, त्यात ही एक भर. भिंतीचं माप काय शिंपी घेणार?

भिंतीचं नाही, त्याने ओट्याचं घेतलं. पहिलं घर एका एकट्या म्हातारीचं होतं. ओटा किती उंच करू, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "असतो तेवढा कर गं." मी बापाच्या हिशेबाने करणारच होते, तेवढ्यात हा पुढे झाला. "आजी, भाजी चिरताना धरता तसा हात धरा." त्याने तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडला, चार बोटं खाली मोजली आणि भिंतीवर खडूची रेघ मारली. "ओटा कोपराच्या खाली चार बोटं. वर गेला तर खांदा धरतो, फार खाली गेला तर कंबर."

रेघ माझ्या नेहमीच्या उंचीपेक्षा वीतभर खाली होती. नाकाने कांदे सोलणारं गिऱ्हाईक दिसतंय, असं वाटलं. पण ओटा झाल्यावर म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात सहज वर टेकले, आणि तशीच उभी राहिली. तेव्हापासून शिंपी आमचा शिंपीकाका झाला. प्रत्येक घरात ओटा त्याच्या रेघेने व्हायला लागला.

त्याची एकच खोड मला सहन व्हायची नाही. रेघ मारली की पाट टाकून बाजूला बसायचा आणि विचारायचा, "किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस."

"आणि असलेला ओटा खाली घ्यायचा असला तर?"

"असलेला कुठेय, काका? दगडावर दगड राहिला नाही इथे!"

तो मान हलवायचा. पुढच्या घरी पुन्हा तेच. कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही आणि फुकटच्या चौकशा मला खपत नाहीत. एकदा मी चिडून म्हटलं, तुम्हाला शिकायचंय का गवंडीकाम? तर म्हणाला, "नाही. सहज."

पाटावरून आमचा प्लंबर त्याला रोज चिडवायचा. "काका, सिंहासन आणलंत का?" काका गालात हसायचा. दुपारी त्याच पाटावर बसून जेवायचा, जेवण बांधून आणलेल्या कागदाची घडी करून खिशात ठेवायचा आणि पुन्हा टेप गळ्यात. बायकोचं नाव नाही, वादळाचं नाव नाही. रडला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. पण तो माणूस म्हणजे उघडं दुकान होता आणि आत कुणीच नव्हतं.

खरं सांगायचं तर माझंही काही वेगळं नव्हतं. पहिल्या घरी मी रडले. तिसऱ्या घरी ढिगाऱ्यात लहान मुलाचा बूट सापडला, तेव्हा थापी ठेवून बाहेर जाऊन बसले. सातव्या घरापासून मात्र भिंत ती भिंत आणि वीट ती वीट. लोक आपली कर्मकथा सांगायचे आणि मी मनात सिमेंटच्या पिशव्या मोजायचे. रात्री स्वतःला विचारायचे, तू दगड झालीस का? उत्तर यायच्या आधी झोप लागायची.

सात घरं झाली? मग यादीतलं सहावं, शिंपीकाकाचं, कुठे गेलं? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. शिंपीकाका सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत यायचा, फळ्यावरचं आपलं नाव पुसायचा आणि खिशातल्या खडूने सगळ्यात शेवटी, नव्याने आलेल्या नावांच्याही खाली लिहायचा. हेडमास्तरांना ठाऊक होतं. "त्यांच्या लेकीचा रोज फोन येतो मला," ते म्हणाले. "ती न्यायला तयार आहे. हे तिला सांगतात, घर झालं की ठरवू. आणि घर होऊ देत नाहीत. तुम्ही गेलात की संपलं. मग कोण बांधणार? दुकानाच्या मागच्या पडवीत झोपतात सध्या."

शाळा उघडायला पाच दिवस उरले होते. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे. मी उठले, ओल्या फडक्याने फळा पुसला आणि वर एकच नाव लिहिलं. काका दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशी तो कामाला आला नाही.

चार दिवस आम्ही सगळे त्याच्या घरावर तुटून पडलो. भिंती झाल्या, पत्रे चढले, प्लंबरने नळ जोडला. काका मात्र तिकडे फिरकला नाही. एक गोष्ट बरी होती. त्या घरातला ओटा शाबूत होता. वादळाने सगळं नेलं आणि विटांचा ओटा, वरच्या काळ्या दगडासकट, जिथल्या तिथे ठेवला. अर्ध्या दिवसाचं काम वाचलं म्हणून मी खूश होते.

पाचव्या दिवशी दुपारी काका आला. गळ्यात टेप, काखेत पाट. भिंतींकडे बघितलं नाही, सरळ ओट्यापाशी गेला.

"हा खाली घ्या."

माझं डोकंच फिरलं. "काका, चांगला दणकट ओटा आहे! उद्या सकाळी आमचा ट्रक निघणार. धडधाकट ओटा कशाला मोडायचा?"

त्याने काखेतला पाट काढला आणि ओट्यासमोर जमिनीवर ठेवला. पाट तिथे असा बसला, की तो तिथलाच होता हे सांगायला कुणाची गरज नव्हती. लाकडावर दोन पावलांच्या जागी गुळगुळीत खळगे पडले होते. इतके दिवस काका त्यावर बसत होता, म्हणून आम्हाला दिसले नव्हते.

"ही यावर उभी राहायची," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं. ओटा उंच होतो, खांदा दुखतो, म्हणायची. मी म्हणायचो, बघू. दोन दिवस चूल बंद राहील, घरभर धूळ होईल, दुकानात गर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू. मग एकदा हा पाट आणून दिला. तिने पुन्हा विषय काढला नाही. ढिगाऱ्यातून एवढाच मिळाला."

प्लंबर नळाशी उगीच खुडबुड करत राहिला.

"माप सांगा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तेच नाही ना माझ्याकडे." त्याने गळ्यातला टेप हाताला गुंडाळला. "गावातल्या प्रत्येक बाईचं माप माझ्या वहीत आहे. तिचं नाही. नवीन शिवायचं असलं की ती मापाला जुना कपडा आणून द्यायची, मी त्यावरून बेतायचो. तिच्या कोपराला मी कधी टेप लावलाच नाही. दिव्याखाली अंधार." तो खाली वाकला आणि बोटं उभी धरून पाटाची जाडी मोजली. "एवढं कमी करा. यावरूनच काय कळेल ते."

"पण आता राहणार तुम्ही. तुमच्या उंचीला हा ओटा मांडीशी येईल. कंबर मोडेल."

"वाकायची सवय आहे मला."

पाटाची जाडी बरोबर एका थराची भरली. चौघांनी मिळून वरचा दगड उचलून भिंतीला टेकवला. मी छिन्नीने विटांचा वरचा थर सोडवला, जागा साफ केली, सिमेंटचा मसाला पसरला, दगड परत बसवला, पातळी बघितली, कडेने बोट फिरवून सांधा भरला. या खेपेस मनात सिमेंटची एकही पिशवी मोजली नाही. काका पूर्ण वेळ उभा होता. बसायचा पाट ओट्यासमोर होता आणि तो त्याने उचलला नाही.

मी थापी धुतली. ओट्यासमोर आता पाटाची गरज राहिली नव्हती.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

माझ्या घड्याळात बघितलं. सुरुवात केली तेव्हा दोन वाजले होते. आता साडेतीन.

"फार किचकट काम हे, काका," मी म्हटलं. "दोन दिवस लागतातच. आज एवढे हात होते म्हणून निभावलं. एरवी चूल बंदच ठेवावी लागते."

"हो ना," तो म्हणाला. "धूळही होते."

"खूप होते."

त्याच्या मनगटावरही घड्याळ होतं. त्याने शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि जमिनीवर पडलेला विटांचा चुरा झाडायला केरसुणी कुठे आहे ते विचारलं.