मुरुमच्या बँडची कॅसेट

बँडवाल्याकडं किस्से साठतात, त्याला तो तरी काय करणार? लोकांच्या घरचं कार्य सगळ्यात पुढं उभं राहून बघायचं, आणि तोंडात वाद्य असल्यामुळं बोलायची चोरी! मी साइड ड्रमवाला, माझं तोंड मोकळं. म्हणून आमच्या मुरुम गावच्या बँडचं सगळं मीच सांगत बसतो.

*

आमचे मास्तर बाबुरावमामा. क्लॅरनेट वाजवावी तर मामांनीच!

बहात्तरच्या दुष्काळात अर्धं गाव खडी फोडायला जायचं. तिथं कामावरच एक लग्न लागलं. आम्ही वाजवायला लागलो, तर फोडणाऱ्यांचे हातोडे आमच्या तालावर पडायला लागले. मुकादम एकदम खूश.

"मामा, उद्या बी या की! लगीन नसलं तरी चालंल!"

*

पुढं साखर कारखाने आले, निवडणुका आल्या. एकदा दोन्ही पॅनेलनी विजयाच्या मिरवणुकीची सुपारी आम्हालाच दिली. मतमोजणीच्या दिवशी आम्ही दोन मांडवांच्या मधोमध उभे!

एक कार्यकर्ता मामांवर खेकसला, "तुमी नक्की कुणाचे?"

मामा शांतपणे म्हणाले, "गुलाल कुणाचा ते कळू द्या, मग सांगतो."

*

आणि मग मामांचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, सगळे काढावे लागतील. वरच्या दातांनी धरल्याशिवाय क्लॅरनेट वाजत नाही. म्हणजे मामांचं वाजवणं संपलं! मला तर रडूच आलं. दात आहेत तोवर मामांच्या आजवरच्या निवडक चालींची एक कॅसेट करायची, असं आम्ही ठरवलं.

रेडिओ दुरुस्त करणारा खाजा टेप घेऊन आला. पुन्हा दुष्काळच होता, त्यामुळं सोसायटीचं गोदाम रिकामं मिळालं. खाजानं सगळ्यांना ऐटीत खुर्च्या मांडल्या. आम्ही बसून सुरू केलं आणि सगळं बेताल! जन्मभर चालत वाजवलेलं, बसून कुणाला जमेना.

मामा उठले. "खुर्च्या उचल रं खाजा. आमाला रस्ता लागतो!"

मग गोदामात गोल फिरत वाजवलं. त्यामुळं कॅसेटवर आमचा बँड सारखा जवळ येतो आणि लांब जातो.

*

नाचाची चाल सुरू झाली, तसा खाजा टेप सोडून नाचायलाच लागला. कॅसेटची बाजू कधीच संपली होती! चाल थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"मामा, माफ करा. परत एकदा होऊ द्या."

"व्हईल की. पण आता तू खुर्चीवर बस!"

*

पाठवणीची चाल शेवटी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दात काढायचे होते. ही एक चाल मामा एका जागी उभं राहून, डोळे मिटून वाजवायचे. त्या दिवशी इतकी लांबवली की आमचे हात आपोआप थांबले, नुसती क्लॅरनेट वाजत राहिली.

संपली तेव्हा गोदामासमोर राहणाऱ्या आक्का डोळ्याला पदर लावून दारात उभ्या होत्या.

"कुणाची लेक निघाली वो मामा?"

मामांनी क्लॅरनेट पुसली, पेटीत ठेवली.

"लेक न्हाय, आक्का. ही निघाली."

आक्का घरी गेल्या. परत आल्या त्या खण आणि तांदूळ घेऊन. पेटीपुढं बसल्या आणि त्यांनी क्लॅरनेटची ओटी भरली.