जे तव्यावर काळं पडत नाही

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि माणसं समोर ग्लास धरून धारेचं दूध पितात. तिथं रत्नव्वाची बाजिंदी येऊन उभी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्या म्हशीकडं वळायचं नाही. मागं वळलेली शिंगं, तेल चोपडल्यागत काळं अंग. रत्नव्वा माहेरची सीमेकडची. रागावली की कन्नडात बोलायची, मायेत आली की त्याहून जास्त कन्नडात.

मग मोटारीतनं येणारं गिऱ्हाईक वाढलं आणि एक नवा प्रश्न येऊ लागला. "मावशी, दूध सेंद्रिय आहे ना?"

रत्नव्वाला त्या शब्दाचा अर्थ एवढाच उमगला, की पुडीतलं, कारखान्यातलं काही नको. तिनं ते मनावर घेतलं. आधी क्षारांची पूड बंद केली. मग पोत्यातली खुराकाची कांडी. कापसावर फवारे मारतात म्हणून सरकीची पेंडही बंद. उरलं उसाच्या शेंड्याचं वाडं, कडबा आणि वर गूळ, तूप. बाजिंदीच्या पाठीवर हात ठेवून ती चारचौघांत सांगायची, "हिच्या पोटात मिठाचा खडासुदिक न्हाय. देवाची आण!"

बाजिंदी गाभण होती तेव्हाच भिंत चाटू लागली. विटा चावू लागली. एकदा तर तिनं रत्नव्वाच्या नवऱ्याची, महालिंगची, चप्पल निम्मी खाल्ली.

"डोहाळं लागल्यात तिला," रत्नव्वा हसली.

"माझ्या आईला चिंचंचं लागलं हुतं म्हणं. चपलाचं पहिल्यांदाच ऐकतोय," महालिंग म्हणाला.

म्हैस व्याली, रेडी झाली, दूध मापात मावेना. आणि एका सकाळी गोठ्यातलं मूत काळ्या कॉफीसारखं दिसलं. उष्णता झाली असं समजून रत्नव्वानं धने भिजवलेलं पाणी पाजलं, ताक पाजलं, तूप चाटवलं. मुताचा रंग गडदच होत गेला. दूध आटलं. पापणी उलटून पाहिली तर आत कागदासारखी पांढरी.

महालिंग जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. वर्षाराणी तिचं नाव. गारगोटीची, तरुण, रोखठोक.

"स्फुरद कमी पडलंय, आक्का. फॉस्फरस. हुतं न्हवतं ते दुधातनं गेलं. आता रक्त फुटून मुतातनं चाललंय. शिरंतनं औषध देते, आणि ही पांढरी पूड पाण्यातनं पाजायची."

"स्फुरद म्हंजे उसाला घालत्यात ते खत?"

"त्याच्याच भावकीतलं."

"मग न्हाय. माझी म्हस सेंद्रिय हाय. कट्ट्यावर आण घेतलीया मी."

"आक्का, तव्यावर भाकरी इसरली तर काय हुतंय?"

"कोळसा."

"गूळ टाका, चारा टाका, काळाच पडतोय. जिवातनं आलेलं ते. त्यालाच सेंद्रिय म्हणायचं. आता मीठ टाका. पडतंय काळं? चुना पडतोय? ते माती-दगडातलं, असेंद्रिय. ही पूडबी त्यातलीच. जीव दोन्हीवर उभा असतोय की! तुमच्या हाडात चुना हाय, डोळ्यांतल्या पाण्यात मीठ हाय. ते काय कारखान्यातनं आणलंय व्हय?"

रत्नव्वा गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "लई शिकलीयास. उद्या गिऱ्हाईकाला तोंड कुठलं दाखवू? जा तू."

वर्षाराणीनं महालिंगकडं पाहिलं. तो पायाखालची जमीन बघत होता. त्या घरात म्हैस रत्नव्वाची होती.

दुसऱ्या दिवशी बाजिंदी बसली ती उठेना. रत्नव्वानं शेपूट ओढलं, खांदा लावून रेटलं. "एळ, नन्नव्वा, एळ," ऊठ माझे आई, ऊठ, असं ती कन्नडात विनवत राहिली. जिभेवर ठेवलेला गूळ जिभेवरच राहिला. बाजूला रेडी भुकेनं ओरडत होती. तेव्हा रत्नव्वा अनवाणीच धावत सुटली ती थेट दवाखान्यात.

"दे बाई तुझं खत. पोतंभर दे."

वर्षाराणीनं गोठ्यात येऊन शिरेत सुई घातली, औषध सावकाश सोडलं. तिचा एक हात बाजिंदीच्या मानेवर होता.

"उशीर झालाय, आक्का. अंगात रक्तच उरलं न्हाय."

"मग ती पूड दे. माझ्या हातानं पाजते."

"मान उचलल्याबिगर नको. फुफ्फुसात जाईल."

रत्नव्वा पुडीचा डबा मांडीवर घेऊन मान उचलायची वाट बघत बसली. ऊन दारातनं आत आलं, भिंतीवर चढलं. मान उचलली नाही. बाजिंदीनं एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. वर्षाराणीनं तिच्या उघड्या डोळ्याला बोट लावून पाहिलं.

"गेली, आक्का."

रत्नव्वानं बाटलीत पूड कालवली, काळा जबडा उघडला आणि बाटली आत लावली. "पी की गं. आता अडवत न्हाय मी. कुणालाबी सांगते, माझ्या म्हशीनं पूड खाल्लीया म्हणून. पी."

पांढरं पाणी जबड्यातनं तसंच बाहेर आलं.

"रत्ना," महालिंगनं तिचा हात धरला. "बास आता."

तिनं हात सोडवून घेतला आणि बाटलीत पुन्हा पाणी ओतलं.